जंगलतोडीने उजाड झालेल्या वर्षावनाच्या जमिनीत भरपूर खत घातलं तर शेती होईल का? किती वर्षं लागतील?

खताचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो.

शिकत असताना आमच्या गटाकडे अशीच जमीन होती. डोझरने जंगल साफ केलेलं, काही वर्षं गुरं चारलेली, मग टाकून दिलेली. आमच्या सरांचं म्हणणं एकच: नत्र, स्फुरद, पालाश तपासा, कमी असेल ते टाका. मी हट्टाने घनता मोजायचं कडं घेऊन गेलो. शंभर घनसेंटिमीटरचं ते कडं जंगलात हाताने दाबलं तरी आत जायचं. कुरणात हातोडीने ठोकून ठोकून मनगट सुजलं. नमुने १०५ अंशांवर सुकवले, तर जंगलातली माती ९८ ग्रॅम भरली आणि कुरणातली १४२. म्हणजे पोकळी ६३ टक्क्यांवरून ४६ वर, आणि त्यातही गेली ती मोठी छिद्रं, पाणी खाली उतरवणारी. जंगलात कड्यात ओतलेलं पाणी घड्याळ सुरू करेपर्यंत गायब व्हायचं, कुरणात तासाभराने पाहिलं तरी तिथेच. सरांनी अहवालातला घनतेचा रकानाच उडवला. 'शेतकऱ्याला त्याचं काय करायचंय?' मग खत फेकलं, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते उतारावरून गेलं.

तेव्हा नुसत्या खताने होणार नाही. पेरूमधल्या युरिमाग्वासला सत्तरच्या दशकात हे शेतातच तपासलं होतं. डोझरने साफ केलेले तुकडे दाबले गेले, वरचा कसदार थर खरवडला गेला, आणि खत-चुना देऊनही पीक तोडून-जाळून साफ केलेल्या तुकड्यांच्या मागेच राहिलं.

आधी गुरं बाहेर काढा. ओल्या जमिनीत ट्रॅक्टर घालू नका. खाजकुहिलीसारखा वेल पसरू द्या, पाला तिथेच कुजू द्या, झाडांच्या ओळींमध्ये पीक घ्या. खोल नांगरट करून बघा हवी तर, पण मुळं आणि पालापाचोळा नसेल तर चार पावसांत माती पुन्हा बसते. किती वर्षं, ते ती किती दाबली गेलीय त्यावर.

हां, कुरणातल्या घनतेचा १.४२ (१४२ ग्रॅम भागिले शंभर घनसेंटिमीटर) हा आकडा सगळीकडे लावू नका, वाळूत तो चालून जातो, चिकणमातीत मुळं अडतात. आणि स्फुरदाबाबत सर अगदीच चूक नव्हते. या लाल मातीतली लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तो धरून बसतात, त्यामुळे बाहेरून द्यावाच लागतो. मुळाशी, थोडा थोडा द्या. फेकून काय होतं ते आम्ही करून बसलोय.