वाचकांचे प्रश्न: टाकीतले व्हिटॅमिन सी जाते कुठे?

प्रश्न: माझ्याकडे 30 दिवसांचे 2000 ब्रॉयलर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या) आहेत. शेडमधले तापमान 36 अंशांवर जाते आणि दुपारी पक्षी चोच उघडून धापा टाकतात. रोज सकाळी लोखंडी टाकीतल्या 1000 लिटर क्लोरीनयुक्त पाण्यात व्हिटॅमिन सी मिसळतो, ते दिवसभर चालते. तरी फरक दिसत नाही. पावडर नकली असेल का?

उत्तर: पावडरीवर संशय घेण्याआधी टाकीकडे बघा. लोह, तांबे, उष्णता आणि हवा ही व्हिटॅमिन सीची शत्रूमंडळी, आणि गंजलेल्या तापल्या टाकीत त्यातली बहुतेक हजर असतात. सकाळी घातलेले दुपारपर्यंत बरेचसे निकामी होते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी.

कोंबडी हे जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. त्यामुळे थंड हवेत वरून देऊन फारसा लाभ नाही. उष्णतेच्या ताणात मात्र खर्च वाढतो आणि घरची निर्मिती कमी पडते. अशा वेळी दर किलो खाद्यामागे 200 ते 250 मिलिग्रॅम हे प्रमाण ठीक आहे. तुमचा हिशोब असा: पक्षी दिवसाला 150 ग्रॅम खातो असे धरा, म्हणजे 2000 पक्ष्यांना 300 किलो खाद्य, म्हणजे किलोमागे 250 मिलिग्रॅमने 75 ग्रॅम शुद्ध व्हिटॅमिन सी. पाकिटावरची टक्केवारी वाचा. 10 टक्क्यांची पावडर असेल तर तीच मात्रा 750 ग्रॅमची होते. बरेच जण इथेच फसतात आणि दोष औषधाला देतात.

उन्हात पक्षी खाणे सोडतात, पाणी पिणे सोडत नाहीत, म्हणून पाण्यातून देणेच बरे. प्लॅस्टिकच्या, सावलीतल्या टाकीत चार तासांत संपेल एवढेच पाणी घ्या आणि त्यात ही मात्रा मिसळा. तुमच्या कळपाला सुमारे 200 लिटर लागेल, पण पाण्याच्या मीटरवर एकदा पडताळा. ऊन तापायच्या आधी सुरू करा. धाप लागल्यावर सुरू केलेल्याचा उपयोग कमी.

क्लोरीन बरेचसे व्हिटॅमिन सी खाऊन टाकते, हा थोडा गैरसमज आहे. 1 ग्रॅम क्लोरीन साधारण अडीच ग्रॅम व्हिटॅमिन सी खाते. 3 पीपीएमच्या (लिटरला 3 मिलिग्रॅम) 200 लिटर पाण्यात क्लोरीन जेमतेम 0.6 ग्रॅम, तेव्हा तुमचे नुकसान दीड ग्रॅमचे. खरा तोटा उलटा आहे: क्लोरीन पूर्ण संपते, पाण्याला जंतूंपासून संरक्षण उरत नाही आणि पाइपात बुळबुळीत थर धरतो. डोस संपला की लाइन धुऊन पुन्हा क्लोरीनचे पाणी सोडा.

आणि हो, पंखे, हवा खेळती ठेवणे, थंड पाणी यांची जागा कोणतीही पावडर घेत नाही.

प्रश्न: खाण्याचा सोडाही सोबत दिला तर?

उत्तर: एकाच टाकीत नको. मिसळताच फेस येतो, आम्लपणा जातो आणि अल्कलीच्या बाजूला झुकलेल्या पाण्यात व्हिटॅमिन सी लवकर नासते. सोडा खाद्यातून द्या.

प्रश्न: पेलेट (गोळी) खाद्यात व्हिटॅमिन सी घातल्याचे लिहिले आहे. पुरेल का?

उत्तर: कोणत्या रूपात घातले ते विचारा. साधे ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीच) पेलेट बनवतानाच्या वाफेत बरेच नासते. आवरण दिलेले किंवा फॉस्फेट रूपातले असेल तर टिकते.