गॅस बंद आहे ना?

"मॅडम, दर आठवड्याला कोल्हापूरला येणं नाही हो जमायचं. घरी राहून बरं होत नाही का हे?" ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा, त्रास असलेले बरेच जण मला हे विचारतात. गडहिंग्लजच्या एका ताईंनीही विचारलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ताईंना गॅसची धास्ती. बाहेर पडताना शेगडीची बटणं बघायची, मग रेग्युलेटर, मग पुन्हा बटणं. एवढं करून नवऱ्याला विचारायचं, "बंद आहे ना?" मोबाइलमध्ये बंद रेग्युलेटरचे शंभरावर फोटो होते. ते दाखवताना त्या इतक्या ओशाळल्या, की मला भरून आलं.

तपासलं की भीती उतरते, पण घडीभरच. 'तपासलं म्हणून वाचलो' हेच मन शिकतं. म्हणून भीती वाटू द्यायची आणि तपासायचं नाही, हा यावरचा उपचार. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये तो मांडला, तेव्हा रुग्णांना इस्पितळात ठेवून परिचारिका लक्ष ठेवत. आता ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की त्रास सौम्य असेल तर समुपदेशकाच्या जास्तीत जास्त १० तासांत, स्वयंमदतीचं साहित्य देऊन किंवा फोनवरून सुरुवात करता येते.

आम्ही दोनदा भेटलो आणि एक वही केली. प्रत्येक गोष्टीपुढे भीतीचा आकडा, शंभरपैकी. रेग्युलेटर एकदाच बघून कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं, ४०. फोटो न काढता बाजाराला जाणं, ६०. एसटीनं कोल्हापूर, ९०. नवऱ्यानं 'बंद आहे' म्हणायचं नाही, 'वहीत काय ठरलंय?' एवढंच म्हणायचं. त्यांना ते फार जड गेलं. दर बुधवारी वीस मिनिटं फोन.

तिसऱ्या बुधवारी सगळं वहीप्रमाणे झालेलं, पण आकडा ४० वरून हलेना. मी विचारलं, "दुकानात जाताना मनात काय चालतं?" बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "बटण फिरवताना हात कसा होता, ते आठवत जाते."

हेही तपासणंच, फक्त मनातल्या मनात. ते त्यांचं त्यांना कळणं अवघडच होतं. माझ्या मते थोडी का होईना, समुपदेशकाची मदत लागते ती इथे. मग ठरलं, आठवण यायला लागली की 'असेल चालू, नसेल चालू' म्हणायचं आणि पाऊल थांबवायचं नाही. त्या आठवड्यात त्या रडल्या. पुढच्या आठवड्यात आकडा २५.

मात्र दिवसाचे तासन्‌तास यात जात असतील, कामधंदा सुटला असेल, तर नुसत्या वहीवर राहू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, औषधांचा चांगला उपयोग होतो. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

परवा ताई एसटीनं आल्या. वही उघडून माझ्यासमोर ठेवली. गडहिंग्लज स्टँड, ८०. निपाणी, ३५. कागलपुढे काही लिहिलंच नव्हतं. खिडकीशी डोळा लागला होता म्हणे.