वाईट विचार आला म्हणजे विश्वास कमी पडला का?

"मनात वाईट विचार आला की वाटतं, आपला विश्वासच कमी पडतोय. तसं असतं का हो?" चर्चच्या मंडळीतली माणसं मला हे फार विचारतात, तेही दबक्या आवाजात. उत्तर म्हणून एका जोडप्याचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पत्नीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चारेक तास. माझ्याकडे आले ते मात्र पती. झोप नाही, सारखी चिडचिड. सोबत एक वही आणली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे मनात आलेला नकारात्मक विचार, उजवीकडे त्यावर उतारा म्हणून बायबलचं वचन. पहिली पानं सुबक अक्षरात. पुढे उजवीकडे नुसतं "फिलिप्पै 4:13" (मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे), पुन्हा पुन्हा तेच. डावीकडच्या काही ओळी तर इतक्या गिरवून खोडलेल्या, की कागद फाटला होता.

"इथं काय लिहिलं होतं?"

"ते नको. तोंडातून काढायचंच नाही."

जीवन आणि मरण जिभेच्या अधीन आहे, असं बायबलमधल्या नीतिसूत्रांत (18:21) म्हटलंय. त्यावरून वाईट बोललं की ते ओढवतं, अशी यांची पक्की समजूत. पत्नीने खात्यांचा, कागदपत्रांचा विषय काढला की हे म्हणायचे, "असं अविश्वासाचं बोलू नकोस." मूत्रपिंड प्रत्यारोपणाबद्दल डॉक्टरांना खोदून विचारणंही टाळलेलं, कारण तो प्रश्नच त्यांना शंका घेतल्यासारखा वाटायचा. भेटायला येणारेही "काहीही होणार नाही" म्हणून चहा पिऊन जायचे. (आजाऱ्याला हे वाक्य ऐकवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही.)

विचार दाबला की तो जातो, हा मुळात गैरसमज. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 साली प्रयोग केला होता. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. इतकंच नाही, नंतर मोकळीक दिल्यावर याच लोकांच्या मनात अस्वल जास्त आलं. या गृहस्थांच्या रात्री तशाच चालल्या होत्या.

पण त्यांची खरी अडचण मानसशास्त्राची नव्हती. त्यांचा भरवसा नकळत देवावरून सरकून स्वतःच्या विचारांवर जाऊन बसला होता. आपण चोवीस तास चांगलाच विचार केला तर ती वाचेल, एकदा चुकलो तर आपल्यामुळे जाईल. असलं ओझं सुवार्तेत कुठंच कुणावर टाकलेलं नाही.

मी त्यांना स्तोत्र 88 मोठ्याने वाचायला दिलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटून पुढे आणखी काही आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "हे पवित्र शास्त्रात कसं राहिलं?" मी म्हटलं, प्रार्थना म्हणूनच राहिलं. गेथशेमाने बागेत येशूनेही आपला जीव मरणप्राय खिन्न झालाय हे शिष्यांना सांगितलं, हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून पित्याजवळ मागितलं. त्याला आपण अविश्वासी म्हणत नाही.

मग त्यांचं लाडकं वचन काढलं. प्रेषित पौलाने ते लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता. आदल्याच ओळीत भूक आणि टंचाई आहे. म्हणजे तेराव्या ओळीतलं सामर्थ्य त्या दिवसांत टिकून राहण्याचं आहे. त्याच अध्यायात कशाचं मनन करावं याची यादी आहे, आणि तिच्यात सर्वांत आधी येतं ते "जे काही सत्य". आजार हेही सत्यच. देव सोडून गेलेला नाही हेही.

पुढच्या भेटीला दोघं आली. ती म्हणाली, "मरणाच्या भीतीपेक्षा यांच्यासमोर दिवसभर हसरं राहण्याचाच मला जास्त शीण होतो." ते बराच वेळ बोलले नाहीत.

त्यांना मी एवढंच सांगितलं: रोज रात्री प्रार्थनेत दोघांनी आपापली एक भीती देवाला सांगायची. दुसऱ्याने समजूत घालायची नाही, वचन सुचवायचं नाही, फक्त "आमेन" म्हणायचं. पहिल्या रात्री ती म्हणाली, "प्रभू, मी गेले तर यांना औषधाच्या वेळासुद्धा सांभाळता यायच्या नाहीत." यांच्या तोंडून आमेन निघेना. निघालं तेव्हा दोघांना हसू आलं, मग रडू.

प्रत्यारोपणाची प्रतीक्षायादी अजून संपलेली नाही. पण दोघं मिळून डॉक्टरांकडे गेली, नात्यातला कुणी मूत्रपिंड देऊ शकेल का हे विचारून आली, कागदपत्रंही मार्गी लावली. त्यांना झोप थोडी बरी लागते. काही रात्री अजूनही वाईट जातात.

सकारात्मक विचारांना माझा विरोध नाही. निराश माणसाला सगळंच काळं दिसतं, तेव्हा त्याचे विचार पुराव्याशी ताडून पाहायला मीही शिकवते. मात्र आठवडे उलटूनही झोप-भूक परतत नसेल किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर मनाला वचनं सुनावत बसू नका. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी दोनदा खाऊ घातलं, मध्ये झोपू दिलं (1 राजे 19). तुम्ही आजच जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.