कॅनेडियन कलाकार जॅनेट कार्डिफची ‘फोर्टी पार्ट मोटेट’ ही ध्वनी-कलाकृती ऐकताना मध्ये उभं राहायचं की स्पीकरजवळ?

दोन्ही करा, पण आधी स्पीकरजवळ. म्हणजे रेकॉर्डिंगच्या दोन फेऱ्या थांबावं लागेल. या २००१ च्या कलाकृतीत इंग्रज संगीतकार थॉमस टॅलिसचं सोळाव्या शतकातलं मोटेट (अनेक आवाजांचं धार्मिक समूहगान), ४० वेगवेगळ्या आवाजांसाठी रचलेलं, ४० स्पीकरवर वाजतं. प्रत्येक आवाजाचं रेकॉर्डिंग वेगळं, स्पीकर साधारण डोक्याच्या उंचीवर, पाच-पाचच्या आठ गटांत, लंबवर्तुळात. एक फेरी १४ मिनिटांची: ११ मिनिटं गाणं, ३ मिनिटं मध्यंतर. सुरुवात एकाच आवाजाने होते, मग सूर गटागटांतून पुढे सरकतो. तेव्हा त्याच्याबरोबर चाला. एखाद्या स्पीकरला कान लावला की एकाच गायकाचा श्वासही ऐकू येतो. दुसऱ्या फेरीत मधोमध उभे राहा, सगळे एकदम गायला लागतात तेव्हा ती जागा सोडू नका. बरेच जण गाणं थांबलं की निघतात आणि मध्यंतरातलं गायकांचं खोकणं, गप्पा, गळा मोकळा करणं हुकतं. माझ्या मते निम्मी मजा तिथेच आहे.

एक प्रत कॅनडातल्या ओटावाच्या नॅशनल गॅलरीकडे आहे. मात्र कलाकृती जगभर फिरते आणि दालनाच्या घुमण्यानुसार परिणाम बदलतो. गर्दीत माणसांची अंगंच आवाज अडवतात, म्हणून दार उघडताच जा.