स्वतःला इजा करण्याविषयी वर्गात उघडपणे बोलल्यास मुले तेच शिकतील का?

नाही. तुम्ही शाळेत नववीच्या मुलांसाठी या विषयावर सत्र ठेवू पाहता आणि त्याने ‘त्यांच्या डोक्यात नको ते भरेल’ असे तुमचे सहकारी म्हणतात; हीच भीती मी सोळा वर्षांपूर्वी आमच्या मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकली होती आणि तेव्हा मी गप्प बसले.

माझ्या वर्गातील एक मुलगी भर उन्हाळ्यातही स्वेटर काढत नसे आणि खेळाच्या तासाला काहीतरी कारण सांगून वर्गातच थांबत असे. मी तिला अंगचोर समजत होते. एकदा वही दाखवताना तिची बाही वर सरकली आणि मला व्रण दिसले. मी घाबरून थेट मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तिच्या आईवडिलांना बोलावले, ‘ही लक्ष वेधून घेण्याची नाटके आहेत’ असे तिला सर्वांसमोर सुनावले आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ असे तिच्याकडून लिहून घेतले. त्या कागदावर वर्गशिक्षिका म्हणून माझीही सही आहे. त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचे ते करणे मात्र थांबले नव्हते, हे तिनेच मला दोन वर्षांनी सांगितले.

जी गोष्ट मुलगी वर्षभर जिवापाड लपवते, ती लक्ष वेधण्यासाठी कशी असेल, हे मी त्यांना त्याच दिवशी विचारायला हवे होते. बहुतेक मुले असह्य ताण, राग किंवा सुन्नपणा क्षणभर तरी कमी व्हावा म्हणून असे करतात. तो दिलासा टिकत नाही, मागून लाज येते आणि त्या लाजेनेच ताण पुन्हा वाढतो. लेखी हमीने ही लाज तेवढी वाढते. अशा मुलांना उपयोगी पडणारी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी मानसोपचार पद्धती, विकसित करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी आपणही तरुणपणी स्वतःला इजा करत होतो, हे २०११ साली जाहीरपणे सांगितले. त्यांना नाटकी म्हणण्याचे धाडस आमच्या मुख्याध्यापकांनी केले असते का?

मुख्याध्यापकांची भीती एका बाबतीत मात्र खरी होती, हेही मान्य केले पाहिजे: पद्धतींची वर्णने आणि व्रणांची छायाचित्रे यांमुळे अनुकरण होऊ शकते, म्हणून सत्रात ती येऊ देऊ नका. भावना, मदत आणि मित्राने असे सांगितल्यास काय करावे, यांवर बोला. त्याआधी शिक्षकांना तयार करा. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला देऊ नका. बहुतेक वेळा मरण्याचा हेतू नसतो, तरी अशा मुलांमध्ये आत्महत्येचा धोका अधिक असतो, म्हणून तसे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार निर्माण होत नाहीत. जखम गंभीर असेल किंवा मूल मरणाविषयी बोलत असेल, तर त्याला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

आणि सत्र सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नका; रात्रभर विचार करून बोलायला आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी भेटले पाहिजे.