बंदुकांचं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न रात्रपाळीवरून आल्यावर वाचला आणि झोप गेली. तुझं बीएस्सी नर्सिंग झालंय, सांगलीत नोकरी आहे, मुलगी चार वर्षांची. कुणीतरी तुला सांगितलंय की अमेरिकेत नर्सिंगच्या पुस्तकांतसुद्धा बंदुकांविरुद्ध लिहिलेलं असतं आणि त्यावरून वर्गात भांडणं होतात. 'ताई, खरं काय? आणि पोरीला घेऊन यावं का?'

एनक्लेक्स (इथली नर्सची परवाना परीक्षा), सीजीएफएनएस (आपली प्रमाणपत्रं तपासणारी संस्था), व्हिसा यांचं काही सांगत नाही, सगळं त्यांच्या साइटवर आहे. एवढंच सांगते की ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर २०११ला लागला आणि मी इथे टेक्सासात सॅन अँटोनियोला उतरले ऑगस्ट २०२१मध्ये. दहा वर्षं! तेवढ्यात लग्न झालं, मुलगा झाला, आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तीनदा दिली, कारण तिचा निकाल दोन वर्षांत शिळा होतो. ज्या ट्रेनिंग स्कूलमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला तिथल्या क्लार्कला शिकण्याच्या तासांच्या तक्त्यावर शिक्का मारायला चार महिने लागले. 'मॅडम, साहेब रजेवर आहेत.' चार महिने रजा!

मुलाच्या शाळेचं तर अजून डोक्यातून जात नाही. तिकडे पहिलीची पुस्तकं घेऊन, कव्हरं घालून झाली होती. इथे पहिलीला १ सप्टेंबरला सहा पूर्ण हवीत, याचा वाढदिवस ऑक्टोबरचा. बसवला किंडरगार्टनमध्ये, पहिलीच्या खालच्या वर्गात. शिवाय 'घरी कोणती भाषा बोलता' या रकान्यात मी प्रामाणिकपणे मराठी लिहिलं, तर त्याची इंग्रजीची वेगळी परीक्षा. पोरगं वाचत होतं गं! काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याशी एक वाक्य बोलून पाहिलं नाही.

आता बंदुका. मी इथे नोकरी करत बीएस्सी पूर्ण करतेय, कारण मोठी हॉस्पिटलं जीएनएमवाल्यांना पुढे सरकू देत नाहीत. कम्युनिटी हेल्थच्या पुस्तकात बंदुकांवर अख्खा धडा आहे. वर्गात एक जण आहे, पूर्वी लष्करात होता, हरणांची शिकार करतो. तो म्हणाला, हा धडा ज्यांनी लिहिलाय त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. २०२०पासून मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक, असं पुस्तक म्हणतं, पण ते १ ते १९ वयाचं आहे. १८-१९चे बाप्ये त्यात धरलेत आणि वर्षाच्या आतली बाळं वगळलीत. घरात बंदूक असली की खुनाचा धोका २.७ पट, हा १९९३चा अभ्यास दिलाय, त्यावर झालेली टीका दिलेली नाही. स्वसंरक्षणाबद्दल एक ओळ नाही.

वर्गातल्या निम्म्या पोरी त्याच्यावर तुटून पडल्या. मी गप्प. कारण मला तो थोडा पटला होता. आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची. रानडुकरं भात लोळवायची म्हणून. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. आजोबांना कुणी 'जोखीम घटक' म्हटलं असतं तर त्यांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

पण माझं पुस्तकाशी भांडण वेगळंच आहे. २०२१ साली या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. आणि धड्यात पानंच्या पानं शाळांमधल्या गोळीबारावर, आत्महत्येला दीड पान! तू मिरज-सांगलीकडची, तुला सांगायला नको. कॅज्युअल्टीत 'औषध घेतलंय' म्हणून बाई आणतात, तोंडाला तो लसणीसारखा उग्र वास, आपण स्टमक वॉश, ॲट्रोपिन चालू करतो. त्यातल्या कितीजणी शुद्धीवर आल्यावर म्हणतात, हाताशी डबा होता म्हणून. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकं बंद केली तर तिथल्या आत्महत्या खरंच कमी झाल्या. फवारणीचा डबा कुलपात ठेवा म्हटलं म्हणून आपल्याला कुणी शेतकऱ्यांच्या विरोधातलं म्हणत नाही. इथे 'बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या' एवढंच विचारायचं असतं, तरी फ्लोरिडात २०११मध्ये डॉक्टरांनी हा प्रश्न विचारू नये म्हणून कायदा झाला होता. कोर्टाने २०१७मध्ये तो मुख्यतः रद्द केला.

म्हणजे प्रश्न बरोबर आहे. सूर चुकतो. हे मला वर्गात कळलं नाही.

२४ मे २०२२ला युवाल्डी गावातल्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. आमच्यापासून गाडीने दीड तास. माझा मुलगा तेव्हा किंडरगार्टनमध्ये. त्यांना शाळेत बंदूकवाला शिरला तर काय करायचं याची ड्रिल शिकवतात: दार बंद, दिवे बंद, नजरेआड. एकदा जेवताना त्याने विचारलं, 'आई, आपल्या घरातला कोपरा कुठला?' त्या हिवाळ्यात नवऱ्याने पिस्तूल घेतलं. ग्रीन कार्डवर घेता येतं. मी आठवड्याच्या तीन रात्री बाहेर, तो आणि पोरगं घरात एकटे. मी भांडले नाही. छोटी तिजोरी आणली, त्यात माझ्या पाटल्या, गंठण आणि ते.

पुढे मुलाच्या तपासणीत नर्सने यादीतला प्रश्न वाचला. वर न बघता, गुटखा खाता का विचारावं तशी. 'घरात बंदूक आहे?' मी म्हटलं, नाही. नर्स असून! दुसऱ्यांना तोच प्रश्न विचारते, लोक खोटं बोलतात म्हणून वैतागते. त्या शिकारवाल्याला ही गोष्ट अजून सांगितलेली नाही. आईलाही नाही, तिला वाटतं तिजोरी दागिन्यांची आहे.

शेजारणीला मात्र विचारलं, पोराला खेळायला पाठवायच्या आधी. विचारायला पाच महिने गेले. तोवर तिच्याच मुलाला घरी बोलवून थालीपीठ खाऊ घालत होते. ती हसली, कपाटातली तिजोरी दाखवली, म्हणाली, 'बरं झालं विचारलंत.' तू आलीस तर पहिल्या आठवड्यातच विचार, लाजू नकोस.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. रात्रपाळीत वेळ नसतो त्याला.

यावं की नाही हे मी सांगणार नाही, तुझ्या नवऱ्यालाही सांगणार नाही, फोन करायला लावू नकोस. पण येणार असलीस तर मुलीची जन्मतारीख आणि १ सप्टेंबर हे आधी कॅलेंडरवर बघ. आणि तासांचा तो तक्ता आत्ताच शिक्का मारून घे, साहेब रजेवर जायच्या आत.