पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ऐतिहासिक रहस्यकादंबऱ्या इतक्या का आवडतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला हात लावत नाही, पण जुन्या काळातल्या खुनाची कादंबरी मिळाली की जेवायलाही उठत नाही. मला यात नवल वाटत नाही.

आजच्या काळातल्या रहस्यकथेत खोटं बोलतो तो बहुधा गुन्हेगारच. जुन्या काळात मात्र सगळेच काहीतरी दडवत असतात. 1897 चं पुणं घ्या. प्लेगची साथ, आणि रोगी हुडकायला गोरे सोजीर थेट माजघरात, देवघरात शिरताहेत. इस्पितळात नेलेला माणूस परत येईल याचा भरवसा नाही, म्हणून लोक घरातलं आजारपण लपवतात. आता अशा वाड्यात चोरी झाली आणि एका बिऱ्हाडाने दार उघडायला वेळ लावला, तर? आत चोरीचा माल असेल, नाहीतर तापाने फणफणलेली आजी. सीसीटीव्ही नाही, मोबाइल नाही. दिंडी दरवाजातून कोण गेलं हे पाहिलेलं असतं चौकात खेळणाऱ्या पोरीने, आणि तिला कुणी विचारतच नाही! घरातले मोठे आपल्यापासून काही लपवतात, हे ज्या वयात नुकतं कळू लागतं, त्या वयाला हे बरोबर भिडतं.

शेवट ठाऊक असला तरी बिघडत नाही. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्याच्या प्लेग बंदोबस्तावर नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली, हे शाळेत शिकवतातच. पण सरकारने वीस हजारांचं बक्षीस लावलं आणि नावं फोडली ती त्यांच्याच ओळखीतल्या द्रविड बंधूंनी. आपल्यात बसणारा-उठणारा कोण फितेल, या धास्तीवर अख्खी कादंबरी उभी राहते.

अर्थात भुक्कड पुस्तकंही ढिगाने आहेत. नाना फडणविसांच्या काळातल्या वाड्यात, चहा आपल्याकडे रुळलेला नसताना, सकाळचा चहा उकळायला लागला की मी पुस्तक मिटतो.

पुण्यातच असाल तर एखाद्या रविवारी तिला विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपाशी न्या. हे तेव्हाचं गव्हर्नरचं निवासस्थान. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ इथलाच, आणि रँड इथूनच गणेशखिंड रस्त्याने निघाला. त्याच्या मागच्या गाडीतला लष्करी अधिकारी आयर्स्ट तर त्या रात्रीच मारला गेला. अंधारात एकामागून एक गाड्या येताना नेमकी रँडची कुठली, हे ओळखायचं कसं? चापेकरांनी ‘गोंद्या आला रे’ ही हाळी ठरवली होती. तिला काय सुचतं ते विचारा.